एकवीस कोंबड्यांचा डोस

मी एक रिकामी बाटली बोलतेय. अंगठ्याएवढी, जाड काचेची. गळ्याभोवती ॲल्युमिनियमची फाटकी पट्टी अजून आहे, रबरी बूच मात्र कधीच हरवलं.

सुरुवातीलाच कबूल करते, माझ्या आठवणीवर माझाच पूर्ण भरवसा नाही. काही गोष्टी मी पाहिल्या, काही एका डॉक्टरांच्या कोटाच्या खिशात बसून ऐकल्या, आणि काही नंतर कानावर पडलेल्या बोलण्यावरून मनानेच जुळवल्या असतील. त्यात आणखी एक घोळ आहे. माझ्यातलं औषध केव्हाच निघून गेलं, मागे राहिली ती काच. मग ही आठवण कुणाची, औषधाची की काचेची? पुष्कळ विचार केला, उलगडा होत नाही. तरी सांगते. कारण माझ्यावर एक आळ आला होता आणि तो कित्येक वर्षं कुणी पुसला नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. तिथे एका काचबंद खोलीत पांढरे झगे घातलेली माणसं होती. त्यांचे फक्त डोळे दिसायचे. हवासुद्धा गाळून आत सोडत. एका बारीक नळीतून माझ्यात चिमूटभर फिकट पांढरी पावडर पडली, वर बूच बसलं, पट्टी आवळली गेली. काचेपलीकडच्या मोठ्या दालनात फावड्याने पोती भरणं चाललं होतं. त्या पोत्यांवर कोंबडीचं चित्र होतं. हे मी खरंच पाहिलं का? काच धुरकट होती, आणि मी जेमतेम अर्ध्या दिवसाची होते. पण पोत्यावरचं नाव आणि माझ्यावरचं नाव एकच होतं, एवढं पक्कं. बारकाव्यात शिरायचं तर पोत्यातलं रसायन थोडं वेगळं असतं. माझ्यातलं टोचता यावं म्हणून जरा सौम्य केलेलं. पण शरीरात शिरले की मी तेच रूप घेते. ती पोती आणि मी सख्ख्या बहिणी, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

तिथून मी एका मोठ्या रुग्णालयात आले आणि थेट कुलपात गेले. आमच्या कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक थोरल्या सिस्टरच्या कमरेला, दुसरी मुख्य डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात. दोघांनी मिळून उघडल्याशिवाय दार उघडत नसे. नव्या सिस्टरना कपाट दाखवताना थोरल्या सिस्टर म्हणायच्या, "ही शेवटची. बाकी सगळी औषधं हरली की हिला हात लावायचा. उगाच उघडायचं नाही. हिला रोज बाहेर काढलं तर जंतू हिलाही ओळखायला लागतील, मग आपल्याकडे काही उरणार नाही."

मला हे ऐकताना फार बरं वाटायचं. कुणीतरी आपल्याला जपून ठेवतंय, ही भावनाच निराळी. काळोखात बसून मी मनाशी म्हणायची, आपली पाळी येईल तेव्हा कमी पडायचं नाही.

पाळी आली ती एका दुपारी.

दारापासून दुसऱ्या खाटेवर एक म्हातारी होती. किडकिडीत, बेचाळीस किलोंची. लघवीतून शिरलेला जंतू तिच्या रक्तात उतरला होता. दोन भारी औषधं देऊन झाली होती. ताप हटत नव्हता, रक्तदाब खाली चालला होता. खाटेच्या एका बाजूला तिचा चाळिशीतला मुलगा उभा होता आणि दुसऱ्या बाजूला त्याची थोरली बहीण. मुलाच्या बुटांना कोंड्याचा वास होता. त्याचं कोंबड्यांचं शेड होतं, म्हणून सगळा वॉर्ड त्याला कोंबडीवाले म्हणत असे.

मुख्य डॉक्टर वयस्कर होते. फार शिकलेले आणि फार विचार करणारे. लिहिलेली चिठ्ठीसुद्धा दोनदा परत मागवून वाचायचे. त्यांनी माझं नाव लिहिलं. दोन किल्ल्या लागल्या. आमच्या खोक्यातल्या पाचजणी बाहेर आल्या, त्यांत मी पहिली.

राखीव औषधासाठी त्या वॉर्डात एक रीत होती. एका सिस्टरने बाटलीवरचं नाव मोठ्याने वाचायचं, दुसरीने ते पुन्हा म्हणायचं, मगच सुई भरायची.

"कोलिस्टिन," थोरल्या सिस्टरनी वाचलं.

"कोलिस्टिन," धाकटी म्हणाली.

"कोलिस्टिन?" तिसरा आवाज आला. तो कोंबडीवाल्याचा होता.

"तुम्ही नका म्हणू हो, तुमची साक्ष लागत नाही," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

"तसं नाही सिस्टर. हे आमच्याकडे असतं."

"कुठे?"

"शेडमध्ये. पोत्यात येतं. रोज सकाळी कोंबड्यांच्या पाण्यात घालतो. पाखरं आजारी पडत नाहीत, अंगही चांगलं धरतात."

धाकटी सिस्टर हसली. "काहीतरीच काय! अहो, हे कुलपात असतं."

"आमचं नळाखाली असतं," तो म्हणाला.

थोरल्या सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी सुई भरली, औषध सलाइनमध्ये सोडलं, आणि मला कचऱ्याच्या डब्यात न टाकता ट्रेच्या कोपऱ्यात बाजूला ठेवलं. डॉक्टर आल्यावर त्यांनी मला त्यांच्या हातात दिलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला कोटाच्या खिशात टाकलं. नळाखाली! एवढ्या वर्षांच्या कुलूपकिल्लीची त्या एका शब्दाने शोभा झाली. मला ओळखू नये म्हणून ज्यांच्यापासून लपवून ठेवलं, ते जंतू रोज सकाळी बादलीतून माझ्या बहिणीची ओळख करून घेत होते.

पण माझी आशा गेली नव्हती. माझ्यातलं औषध म्हाताऱ्या बाईच्या अंगात होतं, आणि त्याने काम करावं म्हणून मी रिकामी काच खिशात बसून जीव आटवत होते.

दुसऱ्या दिवशी ताप तसाच. तिसऱ्या दिवशी डॉक्टर प्रयोगशाळेत गेले. तिथल्या बाईंनी त्यांच्यापुढे एक छोटी पारदर्शक ताटली ठेवली. तिच्यावर ओळीने बारीक खळगे होते. पहिल्यात औषध थोडं, पुढच्यात दुप्पट, त्यापुढे आणखी दुप्पट. प्रत्येकात म्हातारीच्या रक्तातला जंतू सोडलेला. औषधाने जंतू मेला तर पाणी नितळ राहतं, जगला तर गढूळ होतं.

"शेवटचा खळगासुद्धा गढूळ आहे, सर," बाई म्हणाल्या.

"पुन्हा लावून बघा."

"दोनदा लावलं."

डॉक्टरांनी खिशात हात घालून मला घट्ट धरलं.

चौथ्या दिवशी सकाळी, फरशी पुसायचं काम चालू असताना, म्हातारी गेली.

पुढचं मी खिशातून ऐकलं. वॉर्डाबाहेरचा बोळ होता. बहीण आधी रडत होती, मग एकदम थांबली.

"आता सांग ना डॉक्टरांना. एकवीस कोंबड्यांचं सांग."

"ताई, इथे नको."

"इथेच सांग. आई ऐकतेय का आता?"

कोंबडीवाल्याने घसा साफ केला. "आईला लघवीला जळजळ व्हायची, डॉक्टर. दवाखान्यात चल म्हटलं की म्हणायची, कोंबड्यांकडे कोण बघणार. मग म्हणाली, त्यांना त्या पावडरीने बरं वाटतं ना, मलाही दे की थोडी. मी दिली. पण अंदाजाने नाही दिली हो, नीट मापाने दिली. कोंबडी दोन किलोची धरली. आईचं वजन बेचाळीस. म्हणजे एकवीस कोंबड्यांचा डोस. काट्यावर तोलून पुड्या बांधल्या."

"ती काय म्हणाली तेही सांग," बहीण म्हणाली.

"हसली. म्हणाली, मी एकवीसजणी आहे होय रे, मग दाणेही तेवढेच घाल."

"किती दिवस दिलीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"जळजळ झाली की चार-पाच दिवस. दीड वर्षात सात-आठ वेळा झालं असेल." तो थांबला. "डॉक्टर, खरं सांगा. माझ्यामुळे गेली का?"

"मग काय माझ्यामुळे?" बहीण म्हणाली. "हुशार आमचा! आईचा भागाकार केला यानं!"

कोंबडीवाल्याचा श्वास मला खिशातही ऐकू आला. खोल पाण्यातून वर यायला धडपडणाऱ्या माणसाचा असावा तसा.

गढूळ ताटली डॉक्टरांनी कालच पाहिली होती. उत्तर त्यांच्या तोंडाशी होतं. मी वाट पाहत होते.

"नाही हो," ते म्हणाले. "तुमच्यामुळे नाही. आमच्याकडे आलेल्या औषधाचा साठाच निकस असावा. बाटलीत ताकद नव्हती."

मी! मी निकस! ज्या हाताने मला जपलं, त्याच हाताच्या मुठीत असताना मी हे ऐकलं.

"मग सोडू नका त्यांना," कोंबडीवाला म्हणाला. त्याच्या आवाजात रडू होतं आणि सुटका झाल्यासारखंही काही होतं. "तपासायला पाठवा ती बाटली. लिहून कळवा वर."

"पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

मला कुठेच पाठवलं नाही. मी डॉक्टरांच्या टेबलावर आले. कुणीतरी माझ्यात टाचण्या भरल्या. डॉक्टरांनी दोन-तीनदा कोरा कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपण लावून टाकलं. तपासणीला पाठवलं असतं तर मी निर्दोष ठरले असते, आणि मी निर्दोष ठरले असते तर दोष जायचा तिथे गेला असता. म्हणून माझा निवाडा कधी लागलाच नाही. आरोपीला टाचण्या सांभाळायला बसवलं.

पण हळूहळू माझ्या मनात किडा शिरला. खरंच निकस असले तर? वाटेत उन्हात ट्रक दोन दिवस उभा होता. कपाटाची मागची भिंत दुपारी तापायची. आपल्याला वाटतं आपण पूर्ण आहोत, पण आतून काय उडून गेलंय ते आपल्याला कुठे कळतं? डॉक्टर एवढे शिकलेले. त्यांचा एक शब्द पुन्हा पुन्हा आठवला की तो खराच वाटायला लागतो.

कोंबडीवाला तीन-चार महिन्यांनी चक्कर मारायचा. हातात अंड्यांचा ट्रे.

"काय झालं हो आपल्या तपासणीचं?"

"उत्तर आलं नाही अजून. या गोष्टींना वेळ लागतो."

"लागणारच. मोठी माणसं ती. पण डॉक्टर, आमच्या पोत्यातला माल बघा, एकदम कसदार! या वर्षी एक पाखरू आजारी नाही. तुम्हीही आमच्याकडूनच घ्यायला पाहिजे होतं."

डॉक्टर हसल्यासारखं करायचे. तो गेला की ट्रेकडे बघत बसायचे. अंडी उकडून खाल्ली तर काही होत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी एकदाही ती घरी गेली नाहीत. माणसं खोटं बोलतात तेव्हा बहुतेकदा स्वतःला वाचवतात असं मी ऐकलं होतं. हे दुसऱ्याला वाचवायला बोलले होते. पण दुसऱ्याला वाचवायला बोललेलं खोटंही रोज पाणी घालून जगवावं लागतं, आणि ते पाणी कुणाच्या बादलीतलं आहे हे बोलणारा बघत नाही.

तीन वर्षांनी कोंबडीवाला आला तो अंड्यांशिवाय. त्याची बायको वॉर्डात होती. मूत्रपिंडाला सूज, थंडी वाजून ताप. प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः ताटली घेऊन डॉक्टरांच्या खोलीत आल्या. या वेळी नुसती ताटली टेबलावर ठेवून गेल्या. सगळे खळगे गढूळ.

डॉक्टरांनी कोंबडीवाल्याला बोलावलं. बसा म्हणाले. तो बसला नाही.

"हिला कोलिस्टिन चालणार नाही," डॉक्टर म्हणाले. "एक नवं औषध निघालंय, ते मागवलंय. लागू पडेल असं वाटतं. खात्री देत नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि तुमच्या आईच्या वेळचं एक सांगायचं राहिलंय. औषध निकस नव्हतं. त्यांच्या अंगातल्या जंतूला ते आधीच पचलेलं होतं. तुमच्या पावडरीने. तुमच्या पुड्यांनी म्हणा, शेडमधून म्हणा. मला तेव्हाच माहीत होतं."

कोंबडीवाला माझ्याकडे पाहत राहिला.

"म्हणजे तपासणी?"

"मी पाठवलीच नाही."

"तीन वर्षं, डॉक्टर." तो ओरडला नाही, हेच जास्त लागलं. "तीन वर्षं मी रोज सकाळी ती पावडर घोळतोय. बायको हाताने ढवळते. त्याच हाताने घरात येते, कणीक मळते. तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला असतात तर मी पोतं जाळलं असतं!"

"तुमच्या बहिणीसमोर... तुमची अवस्था मला बघवेना."

"तुम्हाला बघवेना म्हणून होय!"

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"आणि आता हे तरी खरं कशावरून?" कोंबडीवाला म्हणाला. "तेव्हा बाटली खोटी होती, आज मी खोटा. उद्या कोण?" त्याने मला उचललं, टाचण्या टेबलावर ओतल्या आणि मला शर्टाच्या खिशात घातलं. "ही मी नेतो."

नवं औषध लागू पडलं. चाळीस दिवस लागले, पण त्याची बायको घरी आली. एक मूत्रपिंड अधू झालं ते झालंच. ती आता लवकर थकते, मधेच बादली खाली ठेवून भिंतीला टेकते.

मला त्याने शेडमधल्या नळाच्या वरच्या फळीवर ठेवलं. खाली, जिथे पोतं असायचं, तिथे आता ओली जागा आहे. पोतं त्याने खड्डा खणून चुन्यात पुरलं. त्या वर्षी बरीच पाखरं मेली. शेजारच्या शेडवाल्याने येऊन हसून विचारलं, "काय हो, उपास धरलाय का कोंबड्यांनी?" हा म्हणाला, "त्यांनी नाही, मी धरलाय." मग त्याने शेडमध्ये पाखरं कमी केली, भिंतीला जाळीच्या खिडक्या पाडल्या, दाराशी बूट धुवायचं पाणी ठेवलं. शेजारचा अजून पावडर घालतो. त्याच्या नळाचा आवाज मला इथवर येतो.

माझं काय, मी फळीवर धूळ खाते. कुणाला रागे भरावं एवढं माझ्यात काही उरलं नाही. सांगायचं एवढंच: आम्हाला कुलपात ठेवून कुणी निश्चिंत होऊ नये. एका दाराला दोन किल्ल्या लावायच्या आणि दुसरं दार सताड उघडं टाकायचं, ही आमची राखण नव्हे, आमची फसवणूक आहे. आणि आम्ही हरलो तर का हरलो ते माणसाला त्याच दिवशी सांगा. त्याला कितीही लागलं तरी सांगा.

तरी माझ्या मनातला किडा गेला नव्हता, आणि कोंबडीवाल्याच्याही नव्हता. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं दुसऱ्यांदाचं बोलणं कितपत धरायचं? तो कधीकधी पाणी भरताना मला उचलून उजेडात धरायचा. "तू होतीस का गं निकस?" असं विचारायचा. मला ठाऊक नव्हतं. आणि त्याला कोणतं उत्तर हवं होतं, तेही मला कधी कळलं नाही.

नंतर बऱ्याच वर्षांनी थोरल्या सिस्टर निवृत्त झाल्या आणि एका सकाळी त्याच्या बायकोची चौकशी करायला शेडवर आल्या. फळीवर मला पाहून थबकल्या.

"ही अजून आहे?"

"आहे. सिस्टर, एक विचारू? हिच्यात त्या दिवशी ताकद होती का?"

सिस्टर म्हणाल्या, "त्या खोक्यात दहा होत्या. पाच तुमच्या आईला दिल्या. उरलेल्या पाच मीच त्याच दुपारी खिडकीजवळच्या खाटेवरच्या शिंप्याला दिल्या. त्याचंही रक्त सडलं होतं, पण जंतू दुसरा. बाजारामागच्या गल्लीत असतं त्याचं दुकान. विचारा की त्यालाच."

कोंबडीवाल्याने हात धुतले, मला खिशात घातलं आणि तो निघाला. गल्लीत तिसरं दुकान. शिंपी मशिनवर वाकून कॉलर शिवत होता. त्याने पाय न थांबवता सगळं ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला, आणि मग शर्टाची बाही वर करून सुईची जुनी खूण दाखवली.

त्या पाच बाटल्यांनंतर तिसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला होता, आणि बाराव्या दिवशी तो आपल्या पायांनी चालत घरी आला होता.